लढाई संपली की

आमच्या घरात कुठल्याही मागणीला एकच उत्तर होतं. नवं परकर-पोलकं हवंय? लढाई संपली की. कंदिलाची वात जरा मोठी करू? लढाई संपली की. धाकट्या भावाला सायकल हवी होती, आईला फुटलेली कौलं बदलून हवी होती, मला एक तरी कोरी वही हवी होती, जिच्यात आधी कुणी लिहून खोडलेलं नाही. सगळं लढाई संपली की. वाणीही हेच म्हणायचा, मास्तरही हेच. केडगावात आमच्या शेजारी एक म्हातारे अंथरुणाला खिळलेले होते. ते म्हणायचे, "आता लढाई संपल्यावरच जातो बाबा, तवर अंगावर घालाया कापड मिळायचं न्हाई." लोक हसायचे, मीही हसायची.

आम्ही इंग्रजी पहिलीत गेलो त्या पावसाळ्यात लढाई सुरू झाली आणि मॅट्रिकच्या वर्गात जाऊन बसलो तेव्हा ती संपली. म्हणजे आमचं अख्खं हायस्कूल तिच्यातच गेलं. अजूनही कुणी तरुण माणूस भेटलं की डोळे मोठे करून विचारतं, तुम्ही तेव्हा नगरला होता, किल्ल्यात एवढे मोठे पुढारी बंदीत होते, तुम्ही काय पाहिलंत? काय पाहणार, कपाळ! खंदकाच्या अलीकडून तट दिसायचा, आणि तिथं उभं राहिलं की शिपाई हाकलायचा. मी पाहिली ती काजं. खाकी सदऱ्यांची काजं, एक झालं की दुसरं.

वडिलांचं नगरात शिवणकामाचं दुकान होतं. लढाईच्या आधी त्यांच्याकडे लग्नाचे कोट यायचे. नंतर लग्नाचे कोट बंद झाले आणि मिलिटरीचं काम सुरू झालं. कापलेले तुकडे गठ्ठ्यांनी यायचे, सदरे शिवून परत करायचे. शिलाई वडील आणि कारागीर करायचे, काज-बटण आमच्या घरी. आईचे डोळे अधू, म्हणून काजं माझ्याकडे. सकाळी वडील आणि मी केडगावाहून निघायचो. सायकल होती, पण तिच्यावर सदऱ्यांचा गठ्ठा बसायचा, आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंनी चालायचो. मी शाळेशी थांबायची, सायकल पुढे जायची. संध्याकाळी परत गठ्ठा, परत चाल. खाकी कापडाची कातरण उरली की त्यातून माझी दप्तराची पिशवी, भावाची चड्डी, उशीचे अभ्रे, देवघराचा पडदासुद्धा झाला होता. आमचे देव मिलिटरीत गेलेत, असं आई म्हणायची.

मी थकलेली मुलगी होते. हे मुद्दाम सांगते, कारण त्या काळाबद्दल लिहिणारे सगळे भारलेले असतात. मी भारलेली नव्हते. भूमितीचं प्रमेय ऐकताना मला झोप यायची आणि बोटाच्या टोकाला सुईनं केलेली भोकं चुरचुरायची. तरी शाळा सुटू नये असं वाटायचं. घरात कुणी मला कधी विचारलं नाही, तुला काय कळतं, पुढे काय करणार आहेस. शाळेत निदान फळ्यावरचं गणित विचारायचे, आणि ते मला यायचं. मला मॅट्रिकला बसायचं होतं. पुढचं काही ठरवलेलं नव्हतं. एकदा परीक्षेला बसायचं आणि पास व्हायचं, एवढं पुरे होतं.

माझं लग्न इंग्रजी चौथीत असतानाच ठरलं होतं. जामखेडचं स्थळ, त्यांचंही शिवणकामाचं दुकान, एकुलता एक मुलगा. व्याही मोठ्या हौसेचे. सुपारी फुटली तेव्हा ते म्हणाले, "गुळावर आन् हातमागाच्या पंच्यावर लगीन करायचं न्हाई आपल्याला. बुंदी पाहिजे, बँड पाहिजे, नगरचा मंडप पाहिजे. लढाई संपली की धूमधडाक्यात करू." वडील लगेच म्हणाले, "शब्द?" व्याही म्हणाले, "शब्द." झालं. लढाई संपेपर्यंत मी शाळेत राहिले, कारण काढायची म्हटलं तरी काढून बसवायचं कशासाठी, हा प्रश्न होताच. काजं तर मी शाळा सांभाळून करतच होते. वडिलांना माझी मॅट्रिक हवी होती की काज करणारे हात, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. त्यांनाही बहुतेक नक्की माहीत नसावं.

वर्गात आम्ही चारच मुली. पुढच्या बाजूला, दाराजवळ, दोन बाक आमचे. माझ्या बाकावर नेवाशाकडची एक शेतकऱ्याची मुलगी बसायची, नगरात मामाकडे राहून शिकत होती. तिचा थोरला भाऊ पलटणीत. गावातल्या लोकांनी पोरीला इंग्रजी शिकवतोय म्हणून त्याला नावं ठेवली होती, आणि म्हणूनच त्यानं हट्टानं तिला शिकवलं. फी त्याच्या पगारातून यायची. तिला शाळेत पाठवा असं घरी कुणी म्हटलं नव्हतं आणि थांबवा म्हणायची कुणाची टाप नव्हती. ती माझ्यापेक्षा हुशार होती, संस्कृतात तर सगळ्या मुलांच्या पुढे. पण बोलायची अगदी गावचं. मास्तरांपुढे शुद्ध, बाकावर आली की "आगं, लई भूक लागलीया."

शाळेची निम्मी इमारत सरकारनं घेतलेली, म्हणून दोन वर्ग एका खोलीत. मागच्या भिंतीवर भूगोलाच्या मास्तरांनी जगाचा नकाशा लावला होता आणि त्यावर टाचण्यांना कागदाची निशाणं. रोज वर्तमानपत्र वाचून ते निशाणं सरकवायचे. मधल्या सुट्टीत आम्ही दोघी नकाशापुढे जाऊन उभ्या राहायचो. ती ब्रह्मदेशाची निशाणं बघायची. तिचा भाऊ तिकडे होता. सुरुवातीला आमच्याकडे सगळे सदरे खाकी यायचे, मग एका वर्षी गर्द हिरवं कापड यायला लागलं. वडील म्हणाले, हे जंगलातल्या लढाईसाठी. मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग दादांच्या सदऱ्याची काजं तूच केली असशील बघ. नीट कर गं, बटनं तुटली तर त्यांला लावता येत न्हाईत." तेव्हापासून हिरवा सदरा हातात आला की मी काज जरा जास्त घट्ट विणायची.

निशाण पुढे सरकलं की तिचा चेहरा उजळायचा. माझा मात्र पडायचा. ती म्हणायची, "संपत आली बघ." मी म्हणायची, "हो ना." एकाच नकाशापुढे उभ्या राहून एक जण लढाई लवकर संपावी म्हणून देवाला विनवत होती आणि दुसरी ती जरा लांबावी म्हणून. मी हे तिला स्वच्छ सांगितलं होतं. ती चिडली नाही. "तुजं बी खरंच हाय," म्हणाली, आणि डब्यातली भाकरी मोडून अर्धी माझ्या हातात दिली.

मग त्या उन्हाळ्यात जर्मनी हरला. शाळेला सुट्टी होती, मी घरी ओसरीवर काजं करत बसले होते, वडीलही त्या दिवशी घरीच होते. भर दुपारी जामखेडचे व्याही हजर. पेट्रोल मिळत नव्हतं, तेव्हा मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या, मागे ही मोठी भट्टी लावलेली. चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायचं. व्याही तसेच ढकलत आले होते. धोतर काळं, तोंड काळं, पण चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"पाव्हणं, संपली लढाई!" दारातूनच ओरडले. "आता वैशाखातला मुहूर्त धरा. साखरेचं मी बघतो."

आई पाणी घेऊन धावली. माझ्या हातात सुई तशीच राहिली. वडिलांनी त्यांना बसवलं, पाय धुवायला पाणी दिलं, पाटावर गूळ ठेवला. मग शांतपणे म्हणाले, "कोण म्हणतं संपली?"

"समदं जामखेड म्हनतंय. कचेरीवर दिवं लावलं."

"ती जर्मनीची संपली. जपान अजून लढतोय."

वडिलांनी मला हाक मारली. "वाच गं पेपर." मी आत जाऊन कालचा पेपर आणला आणि वाचला. ब्रह्मदेशात चकमकी चालू असल्याची बातमी होती, तेवढीच मी दोनदा वाचली. व्याही म्हणाले, "आपलं ठरलं तवा जपानचं नाव कुटं हुतं? जर्मनचंच हुतं न्हवं?" वडील म्हणाले, "शब्द लढाईचा होता. तुम्ही जर्मन म्हणाला नव्हता." पुढे तासभर दोघं वाद घालत होते. लढाई एक की दोन, एक मिटली तर दुसरी आपल्या बोलण्यात धरायची की नाही, हे दोन शिंपी आमच्या ओसरीवर बसून ठरवत होते. शेवटी व्याही वैतागले. "बरं. जपान बी संपू द्या. मग तरी सबब सांगू नका." जेवले आणि संध्याकाळच्या मोटारीनं, परत ढकलत, गेले.

वडील पेपराची घडी घालत नुसते म्हणाले, "आषाढ लागला की चातुर्मास. मग कार्तिकापर्यंत कोण विचारतंय?" आणि झालेले सदरे मोजायला बसले. त्या दिवशी मला वडिलांबद्दल इतकी माया वाटली की मी त्या दिवसाची सगळी काजं न सांगता केली.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ही हकीकत मी तिला बाकावर सांगितली. काळ्या तोंडाचे व्याही, गुळाचा खडा, आणि वडिलांचं ते "जपान अजून लढतोय." ती तोंडावर पदर धरून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. नंतर कितीतरी दिवस वर्गात कुणी काही मागितलं, कुणाची दौत, कुणाचा कंपास, की ती माझ्या वडिलांच्या आवाजात म्हणायची, "थांबा, जपान अजून लढतोय." सगळ्या वर्गात ते पसरलं. मुलंही म्हणायला लागली. मास्तरांनी गृहपाठ मागितला की मागच्या बाकावरून हेच यायचं.

श्रावणात जपानही संपला. शाळेची घंटा वाजत राहिली, सगळ्यांना पटांगणात उभं केलं, आणि एकेक बुंदीचा लाडू हातावर ठेवला. कुठून आणली होती साखर देव जाणे. तिनं मला घट्ट मिठी मारली. "पोळ्याला दादा येत्याल बघ! बैलांची शिंगं रंगवाया दादाच लागत्यात." तिचा लाडू तिनं पदरात बांधून ठेवला, भावासाठी. आठवडाभर टिकतो का तो? पण बांधला. माझा मी खाल्ला. साखर होती म्हणून. चातुर्मास होता, कार्तिकापर्यंत माझं कुणी काही करू शकत नव्हतं, हे मनात मोजत खाल्ला.

पोळा झाला. तो आला नाही. जहाजं मिळत नाहीत, पलटणी हळूहळू येतायत, असं सगळे म्हणत होते. गौरी बसायच्या आधी एक दिवस तिचे मामा शाळेत आले. हेडमास्तरांच्या खोलीत गेले आणि त्यांनी तिला बोलावलं. ती परत वर्गात आली नाही. तिची पाटी बाकावरच राहिली. संध्याकाळी वर्गशिक्षकांनी सांगितलं की तिचा भाऊ ब्रह्मदेशात पडला. आता नाही, आधीच. ज्येष्ठात. लढाई तर संपत आली होती, पण मागे हटणारे जपानी नदीकाठी लढत होते, तिथं.

ज्येष्ठात. मी घरी जाताना सायकलच्या बाजूनं चालत होते आणि तेवढं एकच डोक्यात फिरत होतं. ज्येष्ठात माझे मुहूर्त टळत चालले होते. ज्येष्ठात आमच्या बाकावर जपान अजून लढत होता आणि आम्ही दोघी तोंडावर पदर धरून हसत होतो. तेव्हा तो आधीच गेलेला असेल, नाहीतर त्याच दिवशी जात असेल. वडिलांना सांगितलं. ते थांबले, सायकल उभी केली, गठ्ठा सरळ केला, आणि परत चालायला लागले. मग म्हणाले, "हिरवं कापड आता यायचं बंद झालंय." आम्ही घरी आलो. आईला त्यांनीच सांगितलं.

तिची शाळा सुटली. फी भरणारा गेला, आणि पोरीनं आता आईपाशी असावं, असं भावकीनं ठरवलं. बाकावर मी एकटीच बसायला लागले, ऐसपैस. मास्तरांनी नकाशा काढून ठेवला. भिंतीवर टाचण्यांची भोकं तेवढी राहिली.

तुळशीचं लग्न झालं आणि व्याही आले. या वेळी मी आत चुलीपाशी बसून होते, सगळं संपलं असं धरून. पण व्याह्यांचा चेहरा उतरलेला. लढाई संपली होती, साखर मात्र आली नव्हती. कापडालाही तेच रेशन, तीच रांग, मांडवाला माणसं किती जेवतील त्यालाही हुकूम. "ही कसली लढाई संपली!" ते कपाळावर हात मारून म्हणाले. वडिलांनी सुस्कारा सोडला, तो खरा होता की खोटा, मला आजही सांगता यायचं नाही. शेवटी व्याह्यांच्याच तोंडून निघालं, "वैशाखात बघू. तवर तरी येईल साखर." वैशाख म्हणजे परीक्षा होऊन गेलेली. मी चुलीत फुंकर घालत राहिले. ज्या गोष्टीसाठी मी तीन वर्षं जीव टांगून बसले होते ती पदरात पडली होती, आणि मला नुसती झोप आली. मी तिथंच भिंतीला टेकून झोपले.

परीक्षेच्या आधी वर्गाचा निरोपसमारंभ झाला. फोटो नाही, कारण फोटोवाल्याकडे माल नव्हता. हेडमास्तरांची मोठी इच्छा, की सातही वर्षांत या वर्गात जे जे बसले त्यांना बोलवावं, मध्येच सुटलेल्यांनाही. म्हणून तिला निरोप गेला, आणि ती मामांबरोबर आली. उन्हानं काळवंडलेली, हाताला घट्टे. येऊन सरळ आमच्या बाकावर, आपल्या जागी बसली. मी सरकले.

हेडमास्तर म्हणाले, तुम्ही लढाईतला वर्ग. प्रत्येकानं उठून दोन शब्द बोला, या वर्षांनी तुमचं काय नेलं, तुम्हाला काय दिलं. मुलं बोलली. कुणी रॉकेलचं सांगितलं, कुणी धुरकट कागदावर पसरलेल्या शाईचं. एक जण किल्ल्याचा खंदक आणि स्वातंत्र्य यावर असं काही बोलला की टाळ्या थांबेनात. एकानं मागून "जपान अजून लढतोय" म्हटलं आणि सगळा वर्ग हसला. मी मान वर केली नाही.

तिची पाळी आली. उठली. मास्तरांपुढे ती नेहमी शुद्ध बोलायची, त्या दिवशी बोलली नाही. म्हणाली, "मला येवढंच वाटतं, लढाई येकदमच संपाया पायजे हुती. तुकड्या-तुकड्यानं संपली." आणि खाली बसली. पुढची मी. मी तयारी करून आले होते, चांगलं अर्धं पान पाठ केलं होतं. उभी राहिले. या वर्षांनी मला काय दिलं ते मला नेमकं माहीत होतं, आणि कोणाचं नेऊन दिलं तेही आता माहीत झालं होतं. मी "सगळ्यांचं बोलून झालंय" एवढंच म्हटलं आणि बसले. हेडमास्तरांना वाटलं, मुलगी लाजली.

बाहेर चुरमुरे वाटले. आम्ही दोघी लिंबाखाली उभ्या राहिलो. तिनं विचारलं, "लगीन कधी?"

"वैशाखात."

"मंजी परीक्षेला बसतीस."

"बसते."

ती माझ्या बोटांकडे बघत होती, सुईच्या भोकांकडे. मग म्हणाली, "तुज्या वडलांनी त्या व्याह्याला माघारी लावलं ते लई बरं केलं बघ. दोगींतल्या येकीचं तरी झालं."

मामांनी हाक मारली. ती गेली. मी परीक्षेला बसले, पास झाले. वैशाखात लग्न झालं, गुळावरच झालं, बँडाशिवाय. पुढे संसार, मुलं, जामखेडचं ऊन, सगळं व्हायचं तसं झालं. तिची माझी परत गाठ पडली नाही. पण तिचं ते वाक्य मी इतक्या वर्षांत किती वेळा उलटून पाहिलं असेल. त्यात कुठं टोमणा होता का, हे शोधत राहिले. नव्हता. असता तर मला जरा बरं वाटलं असतं.